शब्द नसलेलं सहावं गाणं

आमच्या शनिवारच्या भांडणाचे नियम मामाने केले होते आणि ते मोडलेले त्याला अजिबात खपायचे नाहीत. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा, मधलं काही पुढे ढकलायचं नाही. वाजत असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, आज कानावर पडलं तेवढ्यावरच बोलायचं. मागच्या वेळी काय ऐकलं होतं, कुणी कुठे काय लिहिलंय, गायक पुढे तुरुंगात गेला की बंगल्यात, ते सगळं बाद.

बाजूसुद्धा आपल्या मनाची मिळायची नाही. शिंपीकाका आपल्या डब्यातून एक पांढरं आणि एक काळं बटण काढायचे, मुठी झाकून पुढे करायचे. पांढरं आलं तर अल्बमचे गुण सांगायचे, काळं आलं तर दोष. मग तो अल्बम तुमचा जीव की प्राण असो नाहीतर डोक्यात जाणारा असो.

शिंपीकाका आमचे न्यायाधीश. कारण एकच, दुकान अर्धं त्यांचं होतं. एका शटरच्या आत डावीकडे त्यांचं मशीन, खडू आणि लटकलेल्या पँटी; उजवीकडे मामाच्या वायरी, त्या जोडायला डाग देण्याची कांडी आणि भिंतभर स्पीकर. मामा गाड्यांमध्ये स्पीकर बसवतो. वीसेक वर्षं त्याने गाडीच्या दारात डोकं घालून आवाज पूर्ण वाढवून बघितलाय, कुठे फाटतोय का, कुठे खरखरतोय का.

आणि अल्बम म्हणाल तर गँगस्टा रॅपचे, म्हणजे टोळ्या, खून आणि शिव्या ठोक्यावर भराभर बोलून सांगणाऱ्या गाण्यांचे. मामा माझ्याएवढा होता तेव्हाचे. त्याच्या टेबलाखाली खोकंभर होते. आम्ही त्यांना खऱ्या नावाने हाक मारायचोच नाही, कव्हरवरून नावं पाडली होती. टोपीवाला, जाळीमागचा, दोन भावांचा, जिन्यावरचा.

आई म्हणायची, "पोरीला असलं घाणेरडं ऐकवतोस, लाज वाटत नाही?"

मामा म्हणायचा, "ऐकवत नाही गं ताई, भांडायला शिकवतोय."

ते मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात 'हजर' म्हटलं तरी ते बाकाखाली पडायचं. बाई दोनदा विचारायच्या, मग शेजारीण माझ्या वतीने ओरडायची. तेव्हा मामा मला कुजबुज म्हणायचा. आणि आता? आता मी शाळेच्या वादविवाद संघात होते, तेही पहिली बोलणारी! मुख्याध्यापकांसमोर न अडखळता बोलले होते. मामाने माझं नाव बदलून ट्वीटर केलं. ट्वीटर म्हणजे गाडीत वरच्या कोपऱ्यात बसवतात तो छोटा स्पीकर, सगळे बारीक, उंच सूर त्यातून येतात. खाली मोठ्या खोक्यात असतो तो वूफर, ठोके देणारा.

"ही ट्वीटर," मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आणि हा शिंपी वूफर. दुपारी घोरतो तेव्हा ऐका."

"तुम्ही दोघं मिळून माझ्या शिलाईचा बट्ट्याबोळ करता," काका म्हणायचे, पण शनिवारी दुपारी काम हळू ठेवायचे.

काय काय भांडलोय आम्ही! टोपीवाल्यावर तर मी तुटून पडले होते. एकवीस गाणी, त्यातली नऊ नुसती भरती, मध्ये मध्ये मित्रांचे फोनवरचे फालतू संवाद, पहिल्यांदा हसू येतं आणि तिसऱ्यांदा प्लेअर फोडावासा वाटतो. मामाच्या वाट्याला पांढरं बटण. तो म्हणाला, "बाई, रिकामटेकड्या पोरांची दुपार अशीच असते. निम्मी भरतीच असते. त्याने ती कापली असती तर खोटी झाली असती."

जाळीमागच्यावर मी म्हटलं होतं की हा माणूस खुनाची गोष्ट सांगताना चव घेतो.

"तो पंचनामा करतोय," मामा म्हणाला.

"पंचनामा करणारा हवालदार नाचतो का मधेच?"

काका खो खो हसले आणि कात्री टेबलावर आपटून त्यांनी मला विजयी ठरवलं. मामा माझ्याकडे बघत होता, अगदी टक लावून, ओठांकडे. मग एवढा हसला, टाळ्या वाजवल्या. मी तरंगत घरी गेले. दर शनिवारी मी तरंगतच घरी जायचे. माझ्या सगळ्या धिटाईचं मूळ तिथे होतं, त्या स्टुलावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यात. मी बोलतेय आणि कुणीतरी एकेक शब्द टिपतंय, ही काय चीज असते ते मला तिथे कळलं.

त्या शनिवारी 'जिन्यावरचा' होता. कव्हरवर एक तरुण मुलगा जिन्यात बसलाय, मांडीवर दुसऱ्याच कुणाचे तरी बूट आहेत. मामाचा सगळ्यात आवडता. त्याची सीडी चरे पडून पडून मेली होती, म्हणून मी जुन्या वस्तूंच्या बाजारातून दुसरी शोधून आणली होती. कव्हर तेच, जिना तोच, बूट तेच. कोपऱ्यात एक छोटी चिकटपट्टी होती, तिच्याकडे मी लक्षही दिलं नाही.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात मला कळलं, मी काय घोळ केलाय ते. ही धुतलेली आवृत्ती होती! दुकानात लहान मुलांसमोर वाजवता यावी म्हणून शिव्या काढून टाकलेली. शिवी आली की तिथे खड्डा. 'मी त्या... ला सांगितलं, ... समोरून हट'. गाडी खराब रस्त्यावरून जावी तसं ते गाणं चाललं होतं. मला हसू आवरेना. कारण मामाच्या लेखी जगात याहून मोठं पाप नव्हतं. धुतलेल्या अल्बमांवर तो अर्धा तास बोलू शकायचा. मी ओठ दाबून त्याच्याकडे बघत राहिले, आता उठेल, मग उठेल, आता प्लेअर बंद करून माझा कान पिळेल.

तो उठला नाही. स्टूल मोठ्या वूफरच्या खोक्याला टेकवून बसला होता, पाठ खोक्याला लावून. हल्ली तो असाच बसायचा. "ठोका पाठीत घ्यायचा असतो," म्हणायचा. डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर.

मला वाटलं, नियम पाळतोय. वाजताना बोलायचं नाही ना.

मग सहावं गाणं आलं. ते आमचं जुनं रणांगण होतं. पाचव्या गाण्यात तो मुलगा मित्राला पुरून येतो, आणि सहाव्यात एका मुलीला शिव्या घालतो, चार मिनिटं, न थांबता. मला ते गाणं असह्य व्हायचं. मामा म्हणायचा की रडता येत नाही म्हणून तो शिव्या देतोय, तिथेच तो उघडा पडतो. मी म्हणायचे, मग रडायला शिक म्हणावं, त्या मुलीने काय घोडं मारलंय त्याचं?

धुतलेल्या आवृत्तीत त्या गाण्यातलं सगळंच धुऊन गेलं होतं. उरलं असतं काय? दहा-बारा शब्द. म्हणून त्यांनी शब्दच काढून टाकले होते. नुसता ठोका. चार मिनिटं नुसता जड, संथ ठोका आणि वर एक बारीक पिपाणीसारखा सूर. काकांनीही मशीनवरून मान वर केली.

मामाची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. आणि ओठ हलत होते. तो ते शब्द मनातल्या मनात म्हणत होता.

अल्बम संपला. काकांनी मुठी पुढे केल्या. मला पांढरं आलं, मामाला काळं.

"आज मजा आहे," मामा हात चोळत म्हणाला, "आज मी तुझ्या बाजूने. ऐक."

आणि तो उभा राहून बोलायला लागला. काय बोलला! माझेच मुद्दे होते, पण माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. म्हणाला, "या अल्बमचा मोठा दोष सहाव्या गाण्यात आहे. आत्ताच ऐकलंत. मित्र मेला तर त्याच्यासाठी अख्खं गाणं, त्याचं नाव सात वेळा. आणि ही मुलगी? तिचं नाव एकदाही येत नाही. दुसऱ्या कडव्यात तो तिच्या चपलेपासून केसांपर्यंत सगळ्याला शिव्या देतो, पण ती काय म्हणाली, एक वाक्य नाही. आवाज बघा कसा चढवतो तिथे. आज तर मला तो फारच टोचला. ज्याला मित्राचा जीव कळतो त्याला हिचा कळत नाही, म्हणजे त्याचं दुःखही अर्धंच आहे."

तो माझ्याकडे बघत होता. माझी पाळी होती.

मला एक वाक्य पुरेसं होतं. ते ओठांवर तयार होतं. बटण माझ्या मुठीत घामाने ओलं झालं, आणि मला पहिल्यांदा बोलायचंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, की संगीत चांगलं आहे.

"मोठ्याने, ट्वीटर!"

"बस कर," शिंपीकाका म्हणाले. त्यांचं मशीन थांबलं होतं. "अरे, त्या गाण्यात आज शब्दच नव्हते."

मामा हसतच त्यांच्याकडे वळला. "काय?"

"शब्द नव्हते."

"काय म्हणालास?"

काका उठले, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि एवढ्या मोठ्याने बोलले की स्पीकर बसवून घ्यायला बाहेर थांबलेला टॅक्सीवाला आत डोकावला. "सहाव्या गाण्यात शब्द नव्हते! नुसतं वाजत होतं! अख्ख्या अल्बममध्ये एक शिवी नव्हती! पोरगी चुकून दुसरीच आवृत्ती घेऊन आलीये, आणि तुला पत्ता नाही!"

मामाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ, काढायला विसरल्यासारखं. मग तो स्टुलावर बसला. टॅक्सीवाल्याला हाताने खूण केली, नंतर ये.

"कधीपासून?" मी विचारलं. त्याने मान वर केली नाही, म्हणून मी जाऊन खाली बसले, त्याच्या तोंडासमोर. "मामा, कधीपासून?"

"बारीक आवाज आधी गेले," तो म्हणाला. "मग शब्द. ठोके येतात अजून. ठोके पाठीत येतात."

"मी किती दिवस सांगतोय याला, कान दाखव," काका म्हणाले. त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता, पण डोळे ओले होते. "तीन गाड्या परत आल्या. आवाज टोचतो म्हणतात. टोचणारच! याला ऐकू येत नाही म्हणून हा वरचे सूर वाढवतच बसतो."

"लोकांना कळलं तर गाडी कोण देईल माझ्याकडे?" मामा म्हणाला. "बहिऱ्याकडे स्पीकर लावायला कोण येणार?"

तेव्हा मला त्याची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. आधी मला दुसरंच काहीतरी दिसलं. मागचे सगळे शनिवार दिसले. माझे हातवारे, माझी वाक्यं, तो टक लावून बघणारा चेहरा.

"माझं बोलणं?" मी विचारलं. "माझं ऐकू यायचं का तुला?"

तो खोटं बोलू शकला असता. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं.

"अर्धं कळायचं. तोंडावरून, हातांवरून."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं चांगलंच असणार, असं धरून चालायचो."

मी दप्तर उचललं आणि घरी आले.

सोमवारी मी वादविवाद संघातून नाव काढून घेतलं. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आली होती, बाई चिडल्या, कारण विचारलं. काय सांगणार? की माझ्या भाषणांना ज्याने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या त्याला ती ऐकूच येत नव्हती? त्याच सकाळी सरावाच्या वेळी मी समोरच्या बाकांकडे बघितलं होतं आणि प्रत्येक चेहऱ्यावर मला तेच दिसत होतं, मान डोलावणारं, प्रेमळ, काहीच न ऐकणारं. माझा आवाज पुन्हा बाकाखाली गेला. मला वाटायला लागलं, मी कधी बोललेच नव्हते. एका माणसाने दयेपोटी टाळ्या वाजवल्या आणि मी त्यावर उड्या मारत होते.

घरी आईला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. भावाचे कान गेले आणि मुलगी मुकी झाली. ती मामाकडे जाऊन काय बोलली ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की तीन गाड्या परत आल्या तरी जो माणूस कान दाखवायला गेला नव्हता, तो माझं नाव काढल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी आईबरोबर गेला.

आईने येऊन सांगितलं. त्याला काचेच्या खोलीत बसवलं होतं, कानाला हेडफोन लावून. आवाज आला की बटण दाबायचं. आई बाहेरून बघत होती. आवाज सोडला की बाहेरच्या यंत्रावर दिवा लागायचा, तो तिला दिसत होता, आणि मामा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत नुसता बसला होता. "परीक्षेला बसलेल्या पोरासारखा," आई म्हणाली आणि पदराने नाक पुसायला लागली. डॉक्टर म्हणाले, कानातली नस सुकली आहे, परत यायची नाही. मशीन लावा, बोलणं कळेल.

पुढच्या शनिवारी मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "त्याने बोलावलंय. जा, नाहीतर मी ओढत नेईन."

दुकानात पोचले तेव्हा मामाच्या दोन्ही कानांमागे मातकट रंगाची छोटी मशीनं होती. कुठून तरी त्याने 'जिन्यावरचा' आणला होता, खरा, न धुतलेला. मी आत पाय टाकला तशी त्याची मान वळली.

"चपला घासत चालतेस तू," तो म्हणाला. "केव्हापासून?"

"लहानपणापासून," काकांनीच उत्तर दिलं.

मामाने सीडी लावली. पहिलं गाणं सुरू झालं. सगळ्या शिव्या जागच्या जागी होत्या. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, आता त्याचा चेहरा उजळेल. त्याने भुवया आवळल्या, मशीनच्या बारक्या बटणाशी खटपट केली. दुसरं गाणं. त्याने प्लेअरवरचा एक खटका वर केला, एक खाली केला. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर हात लांब करून बंदच केलं.

"पत्रा," तो म्हणाला. "पत्र्यावर खिळे टाकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, हे बोलण्यासाठी बनवलेलं असतं, गाण्यासाठी नाही. शब्द कळतात सगळे. पण तो माणूसच नाही त्यात."

काका उगाच दोरा ओवत राहिले.

"हळूहळू सवय होईल," मी म्हटलं.

"होईल." त्याने सीडी काढून कव्हरमध्ये ठेवली, बोट त्या जिन्यावरून एकदा फिरवलं. मग माझ्याकडे वळला. "स्पर्धेचं भाषण म्हण."

"मी नाव काढलंय."

"माहीत आहे. म्हण."

"तुला काय, छानच वाटणार."

"म्हणून तर हे कानात घालून घेतलंय ना," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "म्हण!"

मी म्हटलं. उभी राहून, रागाने, अख्खं. त्याने एकदाही मान डोलावली नाही. संपल्यावर टाळ्या नाहीत. मशीन थोडं हलवून त्याने कानावर नीट बसवलं.

"फार भरभर बोलतेस. वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस, दर वाक्याचा. तिसरा मुद्दा पहिल्याचाच आहे, नुसता कपडे बदलून आलाय. आणि तो हवालदाराचा विनोद इथे कशाला पुन्हा? शिळा आहे."

"त्याला तू एवढा हसला होतास!"

"शिंपी हसला म्हणून हसलो. कळला नव्हता."

मला रडायला आलं. इतकं वाईट मला कुणी कधी बोललं नव्हतं. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की ज्यासाठी मी दोन वर्षं इथे येत होते ते आज पहिल्यांदा मिळत होतं, आणि ते मिळायला त्याचं टेबलाखालचं गाण्यांचं सगळं खोकं गेलं होतं.

"चांगलं काहीच नाही?" मी नाक ओढत विचारलं.

"दुसरा मुद्दा," तो म्हणाला. "तो ऐकताना मला वाटलं, हे मला सुचलं नसतं." मग कानांकडे हात नेत म्हणाला, "तुझा आवाजही पत्र्यासारखाच येतो गं. पण कळतंय सगळं."

मग मी पुन्हा म्हटलं, हळू. तो थांबवत गेला, मी पुन्हा म्हणत गेले. काकांनी एकदा म्हटलं, "पोरीला पाणी तरी पिऊ दे," तर त्यांनाही गप्प केलं. सोमवारी बाईंना जाऊन विचारायचं ठरलं, नाव परत घेतात का. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी.

ऊन कलल्यावर मामाने दोन्ही मशीनं काढली. त्याचं डोकं दुखत होतं. कानांमागे लाल वळ उठले होते. मशीनं डबीत ठेवून त्याने डोळे मिटले.

मी दप्तर घेतलं. "येते मामा," म्हटलं.

तो तसाच बसून राहिला. मी शटरपर्यंत गेले, परत आले, त्याच्यासमोर खाली बसले आणि त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने डोळे उघडले.

"येते, मामा," मी म्हटलं. हळू, आणि शेवटचा शब्द न गिळता.

"ये," तो म्हणाला.